जीर्णोद्धाराचा अधिकार

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमांत जी भर घातली, तिच्यात भारतीय दर्शनशास्त्राचा एक अतिप्राचीन वाद, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, शासकीय मजकुरात येऊन बसला आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली मोटार ‘व्हिंटेज’ समजावी, तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला निराळा क्रमांक द्यावा, नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क घ्यावे आणि ती नोंदणी १० वर्षे चालावी, असा त्या नियमांचा सारांश आहे. अंमलदाराच्या दृष्टीने यात अवघड असे काही नाही. दस्तऐवज पाहावेत, क्रमांक ताडावेत, शिक्का मारावा. परंतु जिचे टायर, पट्टे, रबरी नळ्या, ब्रेकचे अस्तर आणि तेल ही सारी वापराबरोबर बदलावीच लागतात, आणि न बदलल्यास जी जागची हलतही नाही, त्या वस्तूचे मूळ स्वरूप नेमके राहते कोठे, हा प्रश्न बौद्धांनी आणि नैयायिकांनी शतकानुशतके हिरिरीने लढवलेला आहे. आणि नाशिकच्या एखाद्या गॅरेजात जुनी स्पोर्ट्स कार उघडून बसलेल्या नवख्या मनुष्याला तो ग्रंथातून नव्हे, तर हाताला लागलेल्या गंजातून भेटतो.

उदाहरणादाखल एम.जी. टी.सी. ही गाडी घेऊ. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या तयार झाल्या. १२५० सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन, १९ इंची आऱ्यांची चाके, दुमडता कापडी टप, आणि चालकाचे आसन सदैव उजवीकडे. डाव्या बाजूच्या सुकाणूची टी.सी. कारखान्याने कधी काढलीच नाही. ही गाडी पाहिली की मनुष्य प्रथम तिच्या लांब निमुळत्या नाकाडावर भाळतो, आणि भाळलेल्या मनुष्यास पत्र्यामागे काय आहे हे पाहण्याची शुद्ध राहत नाही. त्या पत्र्यामागे लाकूड आहे. ॲश जातीच्या लाकडाची चौकट बांधून तिच्यावर पत्रा चढवण्याची ती जुनी रीत. लाकूड कुजले की दार ओघळते, बिजागरी ताणली जाते, आणि वरचा रंग मात्र आरशासारखा झळकत राहतो. जाणता मनुष्य गाडी पाहावयास जाताना खिशात लोहचुंबक घेऊन जातो. जेथे चुंबक चिकटत नाही तेथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे हे त्यास तत्काळ कळते. मुंबईच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी आणि देशावरच्या कोरड्या हवेत उभी राहिलेली गाडी यांच्या अंतरंगात फार अंतर पडते. चेसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक आर.सी. पुस्तकाशी जुळतो की नाही, आणि क्रमांकाची पट्टी मूळची आहे की नंतर ठोकलेली, ही चौकशी तर खरेदीखतावर सही होण्यापूर्वीच व्हावयास हवी.

परंतु खरे शिक्षण खरेदीनंतर सुरू होते. या इंजिनाच्या बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची आहेत आणि आटे मात्र मेट्रिक आहेत. कारण ज्या कारखान्यात हा वंश उदयास आला तो पूर्वी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, आणि तिची यंत्रसामग्री मेट्रिक मापाची होती. पान्यावरून आट्यांचा अंदाज बांधणारा नवखा मिस्त्री येथे हमखास फसतो आणि बोल्ट बळेच फिरवून भोकाचे आटे मारून ठेवतो. अशी मारलेली भोके, भलत्या मापाचे स्क्रू, दोन निराळ्या रंगांच्या तारा पिळून दिलेली जोडणी, ही सारी पूर्वीच्या मालकांची आणि कारागिरांची हस्ताक्षरे होत. गाडी उघडली की नव्या मालकाला कळते की आपण एक वस्तू विकत घेतलेली नसून, अनेक अनोळखी माणसांच्या कष्टांचा, घाईचा, गरिबीचा आणि प्रेमाचा एक दीर्घ पत्रव्यवहार आपल्या कब्जात आला आहे. आता त्या पत्रव्यवहारात आपणही एक पत्र घालावयाचे, तर ते कोणत्या अधिकाराने?

अधिकाराचा विचार करण्यापूर्वी वस्तूचाच विचार करणे भाग आहे. कारण जी वस्तू तीच राहिली नाही, तिचा उद्धार झाला असे म्हणण्यास अर्थ नाही. मिलिंद राजाने भिक्षू नागसेनाशी केलेला संवाद प्रसिद्ध आहे. राजा रथातून आला होता. नागसेनाने त्याला विचारले की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय, आणि प्रत्येक वेळी नकार मिळाल्यावर त्याने दाखवून दिले की अवयवांच्या विशिष्ट रचनेस व्यवहारासाठी दिलेले नाव यापलीकडे रथ म्हणून काही हाती लागत नाही. चैत्र शुद्ध एकादशीस रामरथ आणि गरुडरथ ओढणाऱ्या, आणि गावाबाहेर महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरात बौद्ध भिक्षूंची लेणी बाळगणाऱ्या या नाशिक नगरीत तरी हा संवाद परका वाटू नये. याच्या नेमका उलट पक्ष वैशेषिकांचा. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांहून भिन्न असा खरा पदार्थ आहे. परंतु या मान्यतेची किंमतही त्यांना मोजावी लागते, कारण वस्त्रातील एक धागा निघाला की जुने वस्त्र नष्ट होऊन दुसरेच वस्त्र उत्पन्न होते, असे त्यांना म्हणावे लागते. हे मत मोटारीला लावले तर दर वेळी स्पार्क प्लग बदलताना जुनी गाडी मरते आणि नवी जन्मते. एका पक्षी गाडी कधी नव्हतीच, दुसऱ्या पक्षी ती दर दुरुस्तीला निराळी, आर.टी.ओ.च्या अर्जातील ‘मूळ स्वरूप’ हा रकाना दोन्ही पक्षी कोराच राहील.

१९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे हाच वाद खऱ्या पैशांनिशी उभा राहिला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स ही गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडला आणि गाडी निराळ्या कवचात पुन्हा बांधण्यात आली. एडवर्ड हबर्ड या मालकाने ती एक कोटी पौंडांस विकण्याचा करार केला, तेव्हा घेणाऱ्या कंपनीने आक्षेप घेतला की ही ती गाडीच नव्हे. साक्षीपुराव्यात निष्पन्न झाले की १९२९च्या गाडीतील जवळजवळ काहीच शिल्लक नाही आणि १९३०च्या गाडीतील मोजकेच भाग उरले आहेत. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निवाडा दिला की ही अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च होय; कारण तिचे अस्तित्व कोणत्याही क्षणी खंडित झालेले नाही, आणि प्रत्येक बदल हा एका चालू इतिहासातला बदल आहे. कारखान्यातून निघाली तशी ती मूळची नाही, पण ती कोणी मागाहून उभी केलेली प्रतिकृतीही नव्हे, असे त्या निवाड्याचे तात्पर्य.

हा निवाडा वाचताना मला पुन्हा नागसेनाचेच स्मरण होते. रथाच्या दृष्टांताने राजाला निरुत्तर करणाऱ्या त्याच भिक्षूने, मनुष्य बालपणापासून वार्धक्यापर्यंत तोच राहतो की दुसरा होतो या प्रश्नावर रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दाखला दिला आहे: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हेत, पण त्या दोन दिव्यांच्याही नव्हेत. बौद्ध आचार्य ज्याला संतान म्हणतात, तो हा अखंड प्रवाह. इंग्रज न्यायाधीशाने कराराचा अर्थ लावता लावता जे गाठले, ते या विचाराच्या फार जवळचे आहे, आणि जुन्या वस्तूंच्या बाबतीत मला तोच सिद्धांत ग्राह्य वाटतो. फक्त त्यात एक गोष्ट आग्रहाने घातली पाहिजे. ज्योतीचा प्रवाह तेल असेतोवर आपोआप चालतो. गाडीचा प्रवाह आपोआप चालत नाही. भंगारात गेलेल्या गाडीची क्रमांकाची पट्टी काढून ती नव्या सांगाड्यावर ठोकली तर कागदोपत्री वहिवाट अखंड दिसेल, पण तो प्रवाह नव्हे, ते तोतयेपण झाले. प्रवाह टिकतो तो कोणीतरी प्रत्येक टप्प्यावर त्या वस्तूला ‘ही तीच’ म्हणून हाती धरल्यामुळे आणि तिच्या गरजेपुरतेच तिच्यात बदल केल्यामुळे. वस्तूचे तेच असणे हे अशा रीतीने काही अंशी माणसांच्या निष्ठेवर अवलंबून असते. आणि हे मला या साऱ्या विषयातील सर्वांत गंभीर सत्य वाटते.

त्रिरश्मी डोंगरातील विसाव्या लेण्यात एक शिलालेख आहे, तो या संदर्भात प्रत्येक जीर्णोद्धारकाने जाऊन पाहावा. श्रीयज्ञ सातकर्णी राजाच्या सातव्या वर्षी कोरलेल्या त्या लेखात नमूद आहे की बोपकी नावाच्या यतीने आरंभिलेले आणि पुष्कळ वर्षे अपूर्ण राहिलेले हे लेणे महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने पूर्ण केले आणि चारी दिशांच्या भिक्षुसंघास निवासासाठी दिले. वासूला बोपकीचे नाव गाळता आले असते. द्रव्य तिचे, अधिकारपद तिच्या घरचे, आणि ज्याने टाकीचा पहिला घाव घातला तो यती कदाचित तोवर हयातही नसेल. तिने ते गाळले नाही. दुसऱ्याने आरंभलेल्या कामात मागाहून येणाऱ्या मनुष्याचे स्थान कोणते, याचे इतके स्वच्छ उत्तर मला अन्यत्र क्वचितच आढळले आहे. पुढे त्याच लेण्यात आणखी फेरफार होऊन आतील गर्भगृह आणि बुद्धमूर्ती यांची भर पडली. म्हणजे वासूनेही शेवटचा शब्द उच्चारलेला नव्हता. त्र्यंबकेश्वराचे आजचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधावयास घेतले, १७६१ साली ते निवर्तले, आणि काम १७८६ साली तडीस गेले. तेथेही तोच क्रम.

आता प्रश्न उरतो की बदल करावयाचा तो किती. येथे नवखा मनुष्य सर्वाधिक चुकतो, कारण त्याच्या उत्साहास मर्यादेचे भान नसते. त्याला गाडी नवी करावयाची असते, आणि नवी करता करता तो ती कारखान्यात होती त्याहूनही चकचकीत करतो. जेथे साधा रंग होता तेथे क्रोमचा मुलामा चढतो, जेथे हाताच्या ठोकणीने पत्र्यावर किंचित लहरी होत्या तेथे यंत्राचा सपाटपणा येतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली जी तुरीनची सनद संमत केली, ती वास्तुरक्षणाच्या १९६४च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर असून तिचा कल स्पष्टपणे कमीत कमी हस्तक्षेपाकडे आहे. पण युरोपातील सनदांकडे बोट दाखवण्याची आपल्याला तितकीशी गरज नाही. शके १५०६ मध्ये पैठणास एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा पाठांतरातून आणि लेखनातून मिसळलेले अपपाठ त्यांनी बाजूस सारले, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये अशी सक्त ताकीदही मागे ठेवली. स्वतः समर्थ कवी असलेल्या पुरुषाने, जेथे आपली ओवी सहज शोभली असती, तेथे ती न घालणे हा संयम मला त्यांच्या काव्याइतकाच मोठा वाटतो.

याउलट थर काढण्याचेही एक धाडस असते. वणीच्या सप्तशृंगगडावर २०२२च्या पावसाळ्यात मंदिर सुमारे दीड महिना दर्शनास बंद ठेवून देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जाड कवच शास्त्रोक्त रीतीने उतरवण्यात आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी पाहिलेल्या रूपाच्या आतून पाषाणातील मूळ कोरीव रूप प्रकट झाले. तो शेंदूरही श्रद्धेनेच चढवलेला होता. तो काढावयाचा, तर मूर्तीच्या हितासाठी आणि जाणत्यांच्या देखरेखीखालीच काढावा लागतो. मोटारीचा रंग खरवडताना हिरव्याखाली लाल आणि लालाखाली काळा निघतो, तेव्हा कोणता रंग खरा, असा पेच पडतो. कारखान्याचा रंग तेवढा खरा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते मत एकांगी वाटते. एखाद्या मालकाने साठ वर्षांपूर्वी लावलेला रंग हाही त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे. मूळ रंगाकडे परतावयाचे असेल तर अवश्य परतावे, परंतु डॅशबोर्डच्या मागे, कोणास न दिसेल अशा जागी, सारे थर जसेच्या तसे राखून ठेवावेत, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, तो निकामी असला तरी, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा.

देवालयाच्या जीर्णोद्धारात मूर्तीला हात लावण्यापूर्वी तिच्यातील देवत्व विधिपूर्वक कलशात आवाहन करून घेतात, आणि काम पुरे झाल्यावर पुन्हा मूर्तीत स्थापन करतात. मधल्या काळात पाथरवटाच्या छिन्नीखाली असतो तो केवळ पाषाण. या विधीमागील जाण मला फार सूक्ष्म वाटते: जे पूज्य आहे त्याला ठोकता येत नाही, आणि ठोकल्यावाचून दुरुस्तीही होत नाही, म्हणून पूज्यतेस काही काळ अन्यत्र सुरक्षित ठेवावे लागते. सुटी केलेली मोटार महिनोन्‌महिने गॅरेजच्या भिंतीशी पसरलेली असते तेव्हा ती मोटार नसतेच, आणि या काळात कित्येक नवख्यांचा धीर सुटून अर्धवट काम भंगाराच्या भावाने जाते. तो धीर ज्याच्यामुळे टिकतो तो मिस्त्री. नाशिकसारख्या गावाचे भाग्य असे की सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत बाजारात न मिळणारा सुटा भाग नमुन्यावरून लेथवर उतरवून देणारे टर्नर आहेत, आणि भांडी बाजाराच्या आसमंतात तांबट कारागिरांच्या हातोडीची परंपरा आहे, जी पत्र्याला वळण देण्याची विद्या पुस्तकावाचून जाणते. वेदान्तात ग्रंथारंभी अधिकारी कोण हे सांगण्याचा शिरस्ता आहे, आणि तेथे अधिकार ठरतो तो जाणण्याच्या तळमळीवरून व अंगच्या संयमावरून, संपत्तीवरून नव्हे. जुन्या गाडीचा अधिकार याच रीतीने ठरावा. पैसा देऊन मालकी मिळते; अधिकार मात्र मिस्त्रीच्या शेजारी स्टुलावर बसून, त्याचे हात पाहत, आपले अज्ञान न लपवता प्रश्न विचारत राहिल्यानेच येतो. प्रदर्शनात पारितोषिक मालकाला मिळते आणि फलकावर मिस्त्रीचे नाव नसते, ही गोष्ट मला नेहमी सलते. वासूने बोपकीचे नाव खडकात कोरवले, येथे तर एक पाटी रंगवावयाची आहे.

एक आक्षेप मात्र सहज उडवून लावण्यासारखा नाही. ज्या देशात असंख्यांना साधी सायकल दुर्मीळ, तेथे जुन्या क्रीडायानावर लाखो रुपये खर्चणे धर्म्य आहे काय? अपरिग्रहाची शिकवण देणाऱ्या जैन मुनींचे गजपंथ याच नगरीच्या कुशीत आहे, आणि तेथील दृष्टीने पाहता हा शुद्ध मोह ठरेल. मी स्वतः या आक्षेपाचे अर्धेच उत्तर देऊ शकतो. गाडीचा भाव पुढे चढेल म्हणून ती घेणाऱ्यास मी काहीच समर्थन देऊ शकत नाही. तो व्यापार आहे आणि व्यापार म्हणूनच त्याची गणना व्हावी. पण जो मनुष्य तिच्या निमित्ताने मरू घातलेली कारागिरी जगवतो, तरुण हातांना ती शिकण्याची संधी देतो, आणि स्वतःस मालकाऐवजी विश्वस्त समजतो, त्याचा परिग्रह निदान पातळ झालेला असतो. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने त्रिरश्मीवर लेणे दिले तेव्हा केवळ खडक कोरवून तो थांबला नाही. भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने ३,००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, २,००० दरमहा शेकडा एक आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने, आणि मुद्दल कधी मोडावयाचे नाही असे ठरवले. देणगीपेक्षा तिच्या पुढील योगक्षेमाची तजवीज महत्त्वाची, हे त्या क्षत्रप घराण्यातील पुरुषाला कळत होते. गाडीच्या किमतीची जुळवाजुळव करणाऱ्या नवख्याने तिच्या वार्षिक देखभालीची नीवी प्रथम बाजूस काढावी. ती निघत नसेल तर खरेदीचा विचारच सोडावा.

आणि तिला चालवावे. नियमांनी व्हिंटेज गाडीस प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच प्रयोजनांसाठी रस्ता मोकळा ठेवला आहे, नित्याच्या वापरासाठी नाही. हे बंधन मला मान्य आहे, परंतु देखभालीच्या सदरात नियमित फेरी येते असे माझे ठाम मत आहे. उभ्या गाडीत पेट्रोल उडून कार्बुरेटरच्या जेटमध्ये चिकट गाळ धरतो, ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून सिलिंडर जाम करते, पिस्टनच्या कड्या भिंतींना गंजाने धरून बसतात. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या फुगतात व चिरतात, तेव्हा त्या आधीच बदलून घ्याव्यात. येथे मूळपणाचा हट्ट धरणे म्हणजे गाडीला आग लावण्याची सोय करणे होय. पहिली फेरी सकाळच्या गारव्यात त्र्यंबक रस्त्याने घ्यावी, मिस्त्रीला शेजारी बसवावे, अंजनेरीच्या पायथ्याशी थांबून बॉनेट उघडावे, तेलाची गळती आणि चाकांच्या तुंब्यांची उष्णता हाताने पाहावी, आणि परत आल्यावर गाडीच्या वहीत त्या दिवसाची नोंद करावी: काय बदलले, कोणी बदलले, कशाला हात लावला नाही, आणि कोणते काम पुढील मालकासाठी राखून ठेवले.